धुरासाठी नाही

१

त्या हिवाळ्यात मी लोकांच्या घरांची छतं बघत फिरत होते. आदल्या साली कापसाचा भाव कधी नव्हे तो चढला होता आणि त्या साली उतरला तो उतरलाच. कोणी विकायला तयार नव्हतं. भाव येईल, भाव येईल म्हणत लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला. आर्णीपासून पुसदपर्यंत कुठल्याही गावात जा, घरातली एक खोली तरी आढ्यापर्यंत पांढरी दिसायची. पोरं त्याच्यावर उड्या मारायची, तिथंच झोपायची आणि सकाळी अंग खाजवत उठायची.

मग एका गावात असा घरातला कापूस पेटला. पेटला म्हणण्यापेक्षा आतल्या आत धुमसला. अख्खं कुटुंब झोपेत गेलं. अंगावर भाजल्याची खूण कोणाच्याच नव्हती. धुरानं गेले.

त्यानंतर पुसदच्या एका संस्थेनं कापूस ठेवलेल्या घरांमध्ये धुराचे अलार्म लावायचं काम हाती घेतलं. मी त्या संस्थेत होते. माझं नाव दीपा, राहणार आर्णी. बशीएवढी पांढरी यंत्रं, स्क्रू, ड्रिल आणि एक घडीचं स्टूल स्कूटीला बांधायचं आणि निघायचं, हा माझा रोजचा दिवस.

प्रत्येक घरात मी तेच सांगायचे. धूर आधी वर जातो आणि मग छताला लागून पसरतो, म्हणून यंत्र छताला, खोलीच्या मधोमध. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात हवा थबकते, तिथं धूर उशिरा पोचतो, म्हणून कोपरा सोडायचा. टिनाचं उतरतं छप्पर असेल तर अगदी आढ्याच्या टोकाला लावायचं नाही, थोडं खाली घ्यायचं. चुलीजवळ नको, फोडणीला वाजतं. पंख्यासमोर नको, पंखा धूर उडवून लावतो. झोपायच्या प्रत्येक खोलीत एक हवंच. आणि वाजलं की काय पेटलं ते शोधत बसायचं नाही. लेकरू उचलायचं आणि बाहेर पडायचं.

या शेवटच्या वाक्याला माणसं हसायची. "अन् कापूस?" असं कोणीतरी विचारायचंच.

२

रामधन राठोडचं घर आर्णीच्या पुढे एका तांड्यावर होतं. घरात रामधन, त्याची बायको हंसाबाई, सून बबिता आणि बबिताची काही महिन्यांची मुलगी. तिला सगळे नानकी म्हणायचे. मुलगा शाम ट्रकवर ड्रायव्हर होता. तो आला तर आला, नाहीतर फोन.

घराची ठेवण सरळ होती. एकामागे एक अशा चार खोल्या आणि सगळ्यांची दारं एका रेषेत. पुढची बैठकीची, मग मधली, मग बबिताची आणि सगळ्यांत मागे कापसाची. चूल अंगणात, वेगळ्या झोपडीत. वर टिनाचं छप्पर. खोल्यांमधल्या भिंती छपरापर्यंत गेलेल्या नव्हत्या. वर हातभर मोकळी जागा होती. धूर कुठल्याही खोलीत झाला तरी त्या फटीतून साऱ्या घरात फिरला असता. यंत्रांसाठी हे घर अगदी समजावून सांगण्यासारखं होतं, आणि मी ते समजावून सांगितलं.

रामधन लक्ष देऊन ऐकत होता. दर पावलाला त्याला काहीतरी विचारायचं होतं. बबितानं फक्त एवढंच विचारलं, की नानकीच्या कानाला या आवाजानं त्रास होईल का. तिच्या खोलीत आढ्याच्या बल्लीला साडीची झोळी बांधली होती. मी म्हणाले, होणार नाही, वाजलंच तर फार वेळ वाजू द्यायचं नाही.

हंसाबाई सगळा वेळ दाराला टेकून उभी होती. चारही खोल्यांत यंत्रं लागली तेव्हा ती म्हणाली, "हे फक्त धुरालेच वाजते का?"

"हो मावशी. धूर, नाहीतर कधी खूप धूळ, वाफ. हवेत बारीक काही उडत असलं की वाजतं."

"म्हंजे काई आलं का वाजते."

मी म्हणाले, तसंच समजा.

३

काही दिवसांनी बबिताचा फोन आला.

"ताई, तुमच्या मशिनी वाजून राह्यल्या. धूर नाई, काई नाई."

"कधी वाजतात?"

"दुपारी. जेवणं झाल्यावर. सगळ्या वाजतात, पन एकदम नाई."

ती शेवटचं काय बोलली त्याकडे माझं लक्ष गेलं नाही. कापसाच्या घरात यंत्र उगीच वाजण्याची कारणं मला पाठ होती. कापसाचा भुसा उडून आत बसतो. सरकीतले बारीक किडे जाळीतून आत शिरतात. मी ब्रश आणि कापड घेऊन गेले, चारही यंत्रं उतरवली, पुसली, पुन्हा लावली. आत थोडी धूळ होती. फार नव्हती.

हंसाबाईनं तुरीच्या शेंगा उकडल्या होत्या. पुढच्या खोलीत आम्ही बायका शेंगा सोलत बसलो. दार उघडं होतं, अंगणात ऊन होतं, रामधन शेतात होता. बबिता मला सांगत होती, की शामला तिनं पुण्याकडची फेरी सोडायला सांगितलं आहे.

डोक्यावरचं यंत्र वाजायला लागलं.

मी वर पाहिलं. यंत्राचा लाल दिवा भराभर उघडमिट करत होता. हवा स्वच्छ होती, उन्हाच्या तिरिपेत धूळसुद्धा उडत नव्हती. समोर हंसाबाईनं पसरलेले पाय जवळ ओढून घेतले. वाटेत बसलेलं माणूस दुसऱ्याला जायला जागा देतं तसे. हात मात्र शेंगाच सोलत होते.

यंत्र थांबलं. जरा वेळानं मधल्या खोलीतलं वाजलं. ते थांबलं. तेवढाच वेळ गेला आणि बबिताच्या खोलीतलं वाजलं. मग कापसाच्या खोलीतलं. त्यानंतर काही नाही.

"रोज असंच," बबिता म्हणाली.

मी म्हणाले, वारा असणार. पुढच्या दारातून आत येतो, भुसा उडवत मागे जातो. हे मला पटलंही. मी पुढचं दार लावायला सांगितलं.

हंसाबाईला मी विचारलं, "मावशी, तुम्ही पाय काहून घेतले जवळ?"

तिनं जरा विचार केला. "लय दिवसाची सवय आहे," ती म्हणाली. "कायची ते नाई सांगता येत."

४

दार लावूनही यंत्रं वाजली. खिडक्यांना पोती लावली, तरी वाजली. वारा हे कारण गेलं.

मी चारही यंत्रं काढून आणली आणि नवीन लावली. जुनी पुसदच्या ऑफिसात राजदीपला दिली. राजदीप आमच्याकडे दुरुस्तीचं बघायचा. त्यानं ती टेबलावर मांडून ठेवली. अगरबत्तीचा धूर दाखवला की वाजायची आणि धूर गेला की गप्प. एरवी ऑफिसात एकदाही वाजली नाहीत. "मशीन चांगल्या हायेत," तो म्हणाला. "घरातच काई असन. पीठगिरणी, गॅस, काई."

तांड्यावर नवीन यंत्रंही त्याच वेळी, त्याच क्रमानं वाजू लागली.

मग मी एक प्रयोग केला. मधल्या खोलीतलं यंत्र काढून पिशवीत टाकलं आणि दुपारभर अंगणात बसून राहिले. पुढचं वाजलं, थांबलं. त्यानंतर मला वाटलं होतं, लगेच बबिताच्या खोलीतलं वाजेल, कारण मधे आता काहीच नाही. पण तसं झालं नाही. मधली खोली ओलांडायला जेवढा वेळ लागावा तेवढा वेळ गेला. मी आणि बबिता एकमेकींकडे न बघता दाराकडे बघत होतो. मग तिच्या खोलीतलं वाजलं.

पावलं नव्हती. मी मुद्दाम ऐकत होते. टीन उन्हानं तडतडत होतं, शेजारच्या घरी कोणीतरी कपडे आपटत होतं. मधल्या खोलीत काहीच आवाज नव्हता.

ते यंत्र जागेवर लावून परत येताना मी स्वतःला सांगत होते, की धुळीचा लोट एका वेगानं सरकतो, मधे यंत्र असो नसो. यात न समजण्यासारखं काही नाही. हे मी बरेचदा सांगितलं.

रामधनचं म्हणणं वेगळं होतं. त्याला वाटत होतं, कापूस ओला भरला गेला आणि आत तापतो आहे. हे कारण माझ्या कारणापेक्षा बरं होतं. ढीग आतून तापला का हे बघायची एक रीत आहे. लांब लोखंडी गज ढिगात खुपसायचा, काही वेळ ठेवायचा, ओढून काढायचा आणि हात लावून बघायचा. त्यानं माझ्यासमोर गज खुपसला. निम्मा आत गेला आणि अडला.

"दबला असन कापूस," मी म्हणाले.

त्यानं जोर लावला. गज हलेना. मग त्यानं जोर काढला, आणि गज आपसूक आत गेला. पलीकडून कोणी धरून ठेवलेला सोडावा तसा. रामधन तोल जाऊन ढिगावर पडला. उठून त्यानं गज बाहेर ओढला आणि तळव्यानं चाचपला.

"गरम आहे का?"

"नाई," तो म्हणाला आणि गज माझ्या हातात दिला. विहिरीच्या तळाशी ठेवल्यासारखा थंड होता. निम्मा थंड, निम्मा हवेसारखा.

रामधननं दार ओढून घेतलं. त्यानंतर त्यानं तो गज वापरलेला मी पाहिला नाही.

५

माणसाला कशाचीही सवय होते. पुढच्या वेळी गेले तेव्हा घरातल्यांनी आपलं वागणं त्या आवाजांभोवती बसवून घेतलं होतं. पुढचं यंत्र वाजलं की हंसाबाई पाय जवळ घ्यायची. बबिता त्या वेळेच्या आधीच झोळीतून नानकीला उचलून अंगणात यायची. कापसाच्या खोलीतलं थांबलं की परत आत. कोणी घाबरलेलं दिसत नव्हतं. घरात एखादा तुसडा सासरा असावा आणि त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा सगळ्यांना माहीत असाव्यात, तसं चाललं होतं.

"काढून नेऊ का सगळी?" मी विचारलं.

"काहून?" बबिता म्हणाली.

"उगीच वाजतात म्हणून."

"काढल्यावर वाजनार नाई. जाणं-येणं थोडी थांबनार हाये?"

हंसाबाई डाळ निवडायचं सूप खाली ठेवून म्हणाली, "आधी आमाले मालूम नव्हतं. आता मालूम झालं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस पडून गेला, असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

बबिता मला आपल्या खोलीत घेऊन गेली. झोळी भिंतीच्या जवळ, कमरेच्या उंचीवर लोंबत होती. तिनं झोळीच्या बाजूला भिंतीवर बोट ठेवलं. "अठी एक लावून द्या."

मी तिला पुन्हा नियम सांगितला. धूर वर जातो. एवढ्या खाली यंत्र लावलं तर ते वाजेपर्यंत खोली धुरानं भरून गेलेली असेल. त्याचा उपयोग नाही.

तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. दहावीपर्यंत शिकलेली मुलगी होती ती, एकदा सांगितलेलं तिला कळायचं.

"धुरासाठी नाई म्हनत मी, ताई," ती म्हणाली.

मी तिथं यंत्र लावून दिलं. ऑफिसात त्याबद्दल बोलले नाही. राजदीपनं विचारलं असतं, एवढ्या खाली कशाला, आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं.

६

एका दुपारी तिचा फोन आला तेव्हा मागे गाडीचा आवाज होता.

"ताई, मी उमरखेडला चालली, माहेरी. एसटीत बसली."

"काय झालं?"

"आज उलटं वाजलं."

तिनं सांगितलं ते असं. ती अंगणात भाकरी करत होती. पुढचं यंत्र वाजण्याची वेळ झाली नव्हती. आणि एकदम कापसाच्या खोलीतलं वाजलं. मग तिच्या खोलीतलं, वरचं. ती उठली तोवर वरचं थांबलं आणि झोळीजवळचं खालचं वाजायला लागलं. ते पहिल्यांदाच वाजत होतं. आणि थांबत नव्हतं.

"वाकल्यावानी," बबिता म्हणाली.

"नानकी?"

"झोपलेली होती. काई नाई झालं तिले. म्या उचललं अन् निघाली. याडीले सांगितलं, ते म्हणे, जाय."

याडी म्हणजे आई. ती सासूलाही याडीच म्हणायची.

रामधननं त्याच आठवड्यात कापूस विकायला काढला. भाव विचारलासुद्धा नाही. व्यापाऱ्याची गाडी येणार त्या दिवशी यंत्रं काढून आणायला मी गेले. हमाल गाठोडी बांधून कापूस बाहेर नेत होते. त्यांचे केस, भुवया, पाठी, सगळं पांढरं झालेलं. ढीग उतरत उतरत खोलीच्या मधे आला तेव्हा एका हमालानं हाक मारली. आम्ही बघायला गेलो.

ढिगाच्या पोटात एक पोकळी होती. कापूस आतून दाबून दाबून चामड्यासारखा घट्ट झालेला, जरा मळकट. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झोपल्यावर जेवढी जागा लागेल तेवढी. आपल्यापेक्षा बऱ्याच मोठ्या माणसाला लागेल तेवढी. वरून, बाजूनं, कुठूनही आत जायला वाट नव्हती.

"मांजर असन," रामधन म्हणाला. हमालांनी तेवढा कापूस फावड्यानं ओढला, हातानं उचलला नाही.

खोली रिकामी झाली. हमाल चहाला अंगणात गेले. मी पुढच्या खोलीतलं, मधलं आणि कापसाच्या खोलीतलं यंत्र काढून पिशवीत टाकलं. बबिताच्या खोलीत खालचं काढलं. वरचं काढायला स्टुलावर चढले. स्टुलावर उभं राहिलं की माझं डोकं भिंतीच्या वरच्या कडेशी यायचं, आणि त्या फटीतून कापसाची खोली दिसायची.

तिथं एक हमाल मागे राहिला होता. जमिनीवर, पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून उकिडवा बसलेला. मला फक्त पाठ दिसत होती, भुशानं पांढरी झालेली. थकला असेल, मला वाटलं.

"दादा, बाहेर चला, चहा आला," मी म्हणाले.

पाठ हलली. तो उठायला लागला. माझं लक्ष अर्धं स्क्रूकडे होतं. यंत्र माझ्या चेहऱ्यासमोर वाजायला लागलं आणि मी पुन्हा भिंतीपलीकडे पाहिलं. तो अजून उठतच होता. गुडघे अजून सरळ झाले नव्हते आणि खांदे माझ्या डोळ्यांच्या रेषेत आले होते. खांद्यांच्या वर मी पाहिलं नाही.

मी स्टुलावरून उतरले. पळाले नाही. मधल्या खोलीतून, पुढच्या खोलीतून चालत अंगणात आले. हमाल बशीत चहा ओतून पीत होते. आलेले सगळे होते. गाडीवाल्याला मी दोनदा विचारलं. हंसाबाईनं माझ्या हातात चहाचा कप दिला आणि माझ्या तोंडाकडे बघून तो परत काढून घेतला, सांडला असता म्हणून.

आत ते यंत्र वाजत होतं. मग थांबलं. मी ते आणायला परत गेले नाही. स्टूलही तिथंच राहिलं.

नंतर मी खूप विचार केला. हमाल मागच्या खिडकीतून गेला असेल. त्या खिडकीला गज होते, पण एखादा निघालेला असेल. उंचीचं म्हणाल तर माझं स्टूल डगमगत होतं, आवाजानं मी दचकले होते, डोळ्यात भुसा गेला होता. ही कारणं आजही मला खोटी वाटत नाहीत.

७

रामधनच्या घरात ते एक यंत्र राहिलं. मी फोन करून विचारायचे. परत कधीच वाजलं नाही, तो म्हणायचा. हंसाबाई दुपारभर पुढच्या खोलीत पाय पसरून बसते, हेही त्यानं सांगितलं. मला बरं वाटलं. कापूस गेला आणि वाजणं गेलं, म्हणजे कारण कापसातच होतं. मी तसं बबितालाही कळवलं.



"तठी बिलकूल नाई वाजत?" तिनं विचारलं.

"अजिबात नाही."

"मंग अठी एक लावून द्या, ताई."

मी उमरखेडला गेले. तिच्या माहेरचा तांडा गावाच्या थोडा बाहेर. छोटं, स्लॅबचं घर, दोन खोल्या. कापूस नव्हता, सोयाबीनची पोती होती. वडील वारलेले, घरात तिची आई धनीबाई एकटी. बबिताचे डोळे खोल गेले होते. ती झोपत नव्हती, रात्री नाही आणि दुपारी तर नाहीच. नानकीला ती मांडीवरून खाली ठेवत नव्हती. मी यंत्र पुढच्या खोलीत लावलं, छताला, मधोमध. आतल्या खोलीत नको म्हणाली.

"येताना कळलं पायजे, बस," ती म्हणाली.

यंत्र वाजलं नाही. एक महिना, दोन महिने. बबिताचा फोन यायचा तो हेच सांगायला. हळूहळू फोन कमी झाले. शामनं उमरखेडकडचंच काम धरलं आणि तो तिथंच येऊन राहू लागला. पावसाळा गेला. आमच्या संस्थेकडून लावलेल्या यंत्रांच्या बॅटऱ्या बदलायची वेळ आली तेव्हा मी पुन्हा तिकडे गेले.

बबिताला मी ओळखलं नाही. अंगानं भरली होती, केस नीट विंचरलेले, बोलता बोलता हसत होती. नानकी भिंतीला धरून चालायला लागली होती. बबितानं मला सगळं घर दाखवलं, शामनं आणलेला मिक्सरसुद्धा. "ते मशीन एक डाव नाई वाजली ताई, वर्ष झालं," ती म्हणाली. "म्या आता दुपारी झोपते मस्त. मरनाची झोप येते." मग ती नानकीला घेऊन चहा टाकायला आत गेली.

पुढच्या खोलीत धनीबाई होती. दाराजवळ जमिनीवर एक गोधडी पसरली होती, तिच्यावर ती बसली होती. आधीच्या वेळी धडधाकट बाई पाहिली होती मी. आता ती खूप वाळली होती आणि तिचा आवाज खोल गेला होता. मी तब्येतीचं विचारलं. ठीक हाये, म्हणाली.

मी खुर्चीवर चढले आणि यंत्राचं झाकण उघडलं.

आत बॅटरी नव्हती.

मी खाली पाहिलं. धनीबाई उठून खुर्चीजवळ आली होती. तिनं आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची धरली, मी पडू नये म्हणून धरावी तशी.

"पहिल्याच दिवशी वाजली," ती हळू बोलली. "तुमी गेल्या ना, तवाच. बबिता कपडे धुवाले गेलती. थांबतच नव्हती बाई. म्या काढून टाकली."

"तिला सांगितलं नाही?"

"कायले? पोरगी झोपून नव्हती राह्यली."

मी विचारलं, "आणि आता?"

"आता म्या अठी झोपते," ती म्हणाली. "दारात. रात्री अठीच, दुपारी अठीच. माह्या पलीकडे नाई जात." मग म्हणाली, "आजपर्यंत तं नाई गेलं."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. नानकी काहीतरी बडबडत होती आणि बबिता तिला बंजाऱ्यांच्या गोर बोलीत उत्तर देत होती. माझ्या हातात नवी बॅटरी होती. ती बसवली की यंत्र चालू होणार होतं. ते तसं चालू राहावं म्हणूनच मी एवढ्या लांब आले होते. ज्या घरात यंत्र बंद आहे त्या घरात लेकरं झोपवू नका, हे वाक्य मी त्या वर्षभरात किती दारांत उभं राहून बोलले असेन.

"ताई," बबितानं आतून विचारलं, "झाली का बदलून?"

धनीबाई माझ्याकडे बघत नव्हती. खुर्ची धरून ती दाराकडे, गोधडीकडे बघत होती.

"झाली," मी म्हणाले, आणि बॅटरी मुठीतच ठेवून झाकण लावलं.